कॅथेटरची नळी मांडीला बांधावी की चिकटवावी?

अण्णांचे हृदय प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झेलण्याच्या स्थितीत नसल्यामुळे गेले सव्वा वर्ष त्यांना कायमचा कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातली लघवी बाहेरच्या पिशवीत नेणारी नळी, आहे. तो दर काही आठवड्यांनी बदलला जातो, तो प्रश्न डॉक्टरांचा. घरच्यांपुढचा प्रश्न वेगळा असतो, तो म्हणजे बाहेरची नळी दिवसरात्र जागेवर कशी राहावी. बाजारात त्यासाठी मुख्यतः दोन साधने मिळतात : मांडीभोवती बांधायचा वेल्क्रोचा पट्टा आणि मांडीवर चिकटवायचा क्लिपचा पॅड. दोन्ही आम्ही काही महिने वापरून पाहिली आहेत.

मूत्राशयात नळीच्या टोकाशी दहा मिलिलिटर पाण्याचा फुगा असतो, मग बाहेरून आणखी काही कशाला, असा समज आमच्याही घरात होता. फुगा नळी निसटू देत नाही हे खरे. पण नळी ओढली गेली की तोच फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी दाबला जातो, मग कळा येतात, लघवीची भावना हटत नाही, नळीच्या कडेने लघवी झिरपते आणि कधी पिशवीत तांबूस रंग दिसतो. ताण महिनोन्महिने राहिला तर पुरुषांच्या मूत्रद्वाराची कड खालच्या बाजूने चिरत जाऊ शकते. दोन लिटरची युरोबॅग, म्हणजे लघवी साठवणारी पिशवी, भरली की तिचे वजन दोन किलो होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही ओढ किती असते ते कळते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, नळी बसवल्यावर ती हलणार नाही व ओढली जाणार नाही अशी पक्की करावी, असे म्हटले आहे.

कागदी चिकटपट्टीबद्दल फार लिहीत नाही. रुग्णालयातून आम्ही तीच लावून आलो होतो. दोन-चार दिवसांसाठी ती ठीक आहे, पुढे कडा उलटतात आणि नळीवर डिंकाचा मळ बसतो.

पट्ट्याचे गुण खरोखर चांगले आहेत. कापड मऊ असते, धुता येते, एकदा घेतला की बरेच महिने पुरतो, त्वचेला डिंक लागत नाही आणि आज उजवी तर उद्या डावी मांडी अशी पाळी बदलता येते. अडचण मांडीच्या आकारात आहे. मांडी वर जाड आणि गुडघ्याकडे निमुळती असते, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्यावर मांसही राहिलेले नसते. पलंगापासून ओसरीवरच्या खुर्चीपर्यंत जेमतेम वीस पावले असतील. तेवढ्यात पट्टा चार बोटे खाली येई, आणि नळी त्यात अडकवलेली असल्याने तीही त्याच्याबरोबर खाली खेचली जाई. म्हणजे ओढ थांबवण्यासाठी बांधलेला पट्टाच ओढू लागे. तो घट्ट करावा, तर संध्याकाळी मांडीवर लाल वळ उठे. आधीच पायांवर सूज असलेल्या माणसाला तसे आवळून ठेवणे मला योग्य वाटले नाही. कोणी भेटायला आले की अण्णा लुंगीवरून एक हात मांडीवर दाबून बसत. पाहुण्यांसमोर पट्टा वर सरकवणे त्यांना शक्य नव्हते, आणि पुढे पुढे त्यांनी ओसरीवर येणेच कमी केले. पट्टा सोडून पॅडकडे वळण्याचा आमचा निर्णय झाला तो यामुळे.

चिकट पॅडमध्ये नळी जिथे दोन फाट्यांत विभागते तो भाग प्लॅस्टिकच्या खोबणीत बसतो, वरून झाकण मिटते, आणि ही खोबण पॅडवर गोल फिरू शकते. माझ्या मते साऱ्या रचनेतली मोलाची गोष्ट हे फिरणेच आहे, कारण रात्री अण्णा कुशीवर वळले की क्लिप नळीबरोबर वळते आणि ताण त्वचेपर्यंत पोहोचत नाही. पॅड लावायला मात्र सवड हवी. मांडी धुऊन पूर्ण कोरडी करायची, केस वस्तऱ्याने न काढता कात्रीने बारीक करायचे, सोबतचे संरक्षक द्रव त्वचेवर लावून ते वाळू द्यायचे, पाय सरळ ठेवून जागा ठरवायची, नळीला थोडी ढील ठेवायची आणि मग तळहाताने पॅड दाबून धरायचा. काढताना कडेला स्पिरिटचा बोळा फिरवत सावकाश सोडवायचा. ओढून काढला तर वयस्कर माणसाची कातडी सोबत येते.

पॅडचे दोषही सांगायला हवेत. तो साधारण सात दिवसांनी बदलावा लागतो, त्यामुळे खर्च पट्ट्यापेक्षा पुष्कळ जास्त येतो. सोलापूरच्या मे महिन्यात घामाने त्याची कड चौथ्याच दिवशी सुटली. अण्णांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने पहिला महिना मी दर दोन दिवसांनी पॅडच्या कडेची त्वचा निरखून पाहत होतो. एकदा लाली दिसली, तेव्हा जागा बदलली. पण नळी खाली आली असे या काळात एकदाही झालेले नाही, आणि अण्णा आता ओसरीवर दोन्ही हातांत वर्तमानपत्र धरून बसतात.

हा एका घराचा अनुभव आहे, तो सगळ्यांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही. रुग्ण अंथरुणालाच खिळलेला असेल, तर पट्टा सरकण्याचा प्रश्न बराच कमी होतो आणि तो पुरेसा ठरू शकेल. त्वचा कागदासारखी पातळ झाली असेल, दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल किंवा डिंकाची ॲलर्जी असेल, तर पट्टाच बरा. तो आतून सिलिकॉनच्या रेघा असलेला घ्यावा, कारण साध्यापेक्षा तो कमी सरकतो, आणि बांधल्यावर खाली दोन बोटे सहज जातात ना ते पाहावे. आम्हीही असा एक पट्टा ठेवला आहे. पॅड बदलण्याच्या दिवशी रात्रभर तो बांधतो, म्हणजे त्वचेला उसंत मिळते. चालता-फिरता रुग्ण असेल, तर मात्र पॅडकडे वळावे असे मला वाटते. पहिल्यांदा एकच पॅड आणावा, आणि आपली नळी लॅटेक्सची आहे की सिलिकॉनची हे सिस्टरना विचारून त्या नळीला बसणारी क्लिप मागावी.