१७७ सीसीच्या नादात वडिलांचा ब्लॉक गेला

सोळा हजार रुपये गेले, त्याचं आता फारसं काही वाटत नाही. ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतं तो इंजिनाचा सिलिंडर, गेला त्याचं अजून वाटतं. आणि ज्या पद्धतीनं गेला ती पद्धत हुशार आहे, त्यामुळे जुनी टू-स्ट्रोक दारात असणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं.

गाडी एलएमएल व्हेस्पा एनव्ही, १९९५ची, एमएच ०९ पासिंग. वडिलांनी घेतली आणि वडिलांनीच चालवली. पाच लिटर पेट्रोलला शंभर मिली टू-टी ऑइल, तेही घरून मापून नेलेल्या बाटलीतलं. पंपावरच्या पोरावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे इतक्या वर्षांत गाडीला एकदाही बोअर करावा लागला नाही, म्हणजे झिजलेला ब्लॉक आतून कापून एक साईज मोठं पिस्टन टाकायची वेळ आली नाही. ब्लॉक कंपनीचा, पिस्टन पहिलं. व्यंग एकच होतं. २००३ साली कार्बन काढायला उघडलेला ब्लॉक त्यांच्या हातून फरशीवर पडला आणि वरून तिसऱ्या फिनचा (गार राहायला बाहेरून पाती असतात, त्यातल्या एकीचा) कोपरा उडाला. दोन दिवस ते जेवताना कोणाशी बोलले नव्हते.

ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि मला पडवीत बसून हात काळे करायचा नाद लागला. सुरुवात अगदी सरळ होती. सायलेन्सर जाळून आतला तेलकट कार्बन काढला. कार्बोरेटर उघडून जेट फुंकले, एअर फिल्टर धुतला. या मॉडेलला रीड वाल्व्ह (पातळ पातींची एक झडप) असतो. त्याची एक पात नीट बसत नव्हती, ती बदलली. एवढ्यावर गाडी अशी सुटली की पन्हाळ्याच्या चढाला मागे बायको असताना तिसरा गिअर टिकायला लागला. खर्च चारशेच्या आत. गाडीला यापुढे काहीही नको होतं. हाव मलाच सुटली होती.

आता थोडं गणित, कारण सगळी फसवणूक याच गणितात दडलेली होती. या इंजिनाचा बोअर, म्हणजे ब्लॉकचा आतला व्यास, ५७.८ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ५७. त्याचे होतात १४९.५ सीसी. याच इंजिनावर ६३ मिलिमीटरच्या पिस्टनचं किट, म्हणजे मोठा ब्लॉक आणि पिस्टन, बसतं. स्ट्रोक तोच राहतो आणि सीसी होतात १७७. अशी किट इटलीत खरोखर बनतात आणि युरोपातले व्हेस्पावाले ती वर्षानुवर्षं वापरतात. म्हणजे आमिष खोटं नव्हतं. खोटा होता तो फक्त खोक्यातला माल.

जुन्या स्कूटरवाल्यांच्या ओळखीतून एक नंबर मिळाला. माणूस पुण्याकडचा, असं त्यानंच सांगितलं. पहिल्याच फोनवर पाऊण तास बोलला, आणि गड्याला येत होतं सगळं. ट्रान्सफर पोर्ट, एक्झॉस्ट पोर्टची रुंदी (पोर्ट म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतली भोकं, मिश्रण आत यायला आणि धूर बाहेर जायला), किट टाकल्यावर मेन जेट वाढवला नाही तर मिश्रण पातळ पडून पिस्टन कसं धरतं, म्हणजे ब्लॉकमध्ये जाम होतं, टायमिंग दोनेक डिग्री मागे का घ्यावं. पैशाचा विषय त्यानं काढलाच नाही, मलाच काढावा लागला. मधेच सहज विचारलं, "तुमच्या गाडीचा बोअर कधी झालाय का?"

मी छाती फुगवून सांगितलं, "नाही. स्टँडर्ड आहे. पहिलं पिस्टन."

"वा! वडिलांनी ठेवलीय हो गाडी," तो म्हणाला. मला भरून आलं. त्या क्षणी समोरून माझ्या मालाची किंमत ठरत होती, हे कळायला मला तीन महिने लागले.

किट सतरा हजार पाचशेला. पण जुना ब्लॉक, पिस्टन आणि हेड (ब्लॉकवरचं झाकण) पाठवलं तर चार हजार कमी. कारण विचारलं तर तेही पटण्यासारखं होतं. नव्या ब्लॉकचे पोर्ट तुमच्या इंजिनाच्या केसिंगशी जुळवायचे, तर तुमच्या ब्लॉकचं माप लागणार. पाठवा, मी टेम्प्लेट काढतो, आणि तसाही तो तुम्हाला आता कशाला लागतोय? शिवाय अडीच हजारात 'मोकळा' सायलेन्सर. सहा हजार यूपीआयनं आधी, बाकीचे माल निघताना.

इथं मी काय केलं नाही ते सांगतो. व्हिडिओ कॉलवर पिस्टनला व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची पट्टी) लावून आकडा दाखव, असं म्हटलं नाही. व्हर्निअर माझ्या स्वतःच्या कपाटात होता. पिस्टनच्या माथ्यावर साईज कोरलेली असते, तिचा फोटो मागितला नाही. बिल मागितलं तेव्हा "इम्पोर्टचा माल आहे साहेब, कस्टमचं लफडं नको" म्हणाला आणि मी मान डोलावली. व्हॉट्सॲपवर त्यानं विचारलं, "जुना ब्लॉक एक्सचेंजमध्ये देताय ना, कन्फर्म करा." मी आनंदानं "हो, कन्फर्म" लिहून अंगठा पाठवला. तो अंगठा मला नंतर फार महाग पडला.

पंधरा दिवसांनी खोकं आलं. ब्लॉक वाळू मारून साफ केलेला, वरून चंदेरी रंग, कडेला पंचनं ठोकलेलं '१७७'. पिस्टनचा माथा घासून गुळगुळीत केलेला. त्याला मी पॉलिश समजलो. आकडा पुसण्यासाठीच माथा घासलाय, हे डोक्यातच आलं नाही.

मीच बसवलं. पहिल्या टाकीला तेल जास्त घालून पहिले दोन दिवस चाळीसच्या वर नेली नाही. गाडी जोरदार वाटत होती, खोटं कशाला सांगू? मोकळ्या सायलेन्सरचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखं वाटतं. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरची आतली रचना इंजिनाला मापून केलेली असते, ती कापली तर बऱ्याचदा ताकद कमीच होते. हे मला माहीत होतं. इतरांना मी ते ऐकवलंही होतं.

तिसऱ्या दिवशी वाघबिळाच्या अलीकडे, पन्नासच्या आसपास वेग, मागे ही बसलेली. इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला, कुणी नरडं दाबल्यासारखा, आणि मागचं चाक धरलं. मी शाळेत असताना वडिलांनी शिकवलेली एक सवय कामाला आली. टू-स्ट्रोक चालवताना दोन बोटं कायम क्लचवर. क्लच दाबला तसं चाक सुटलं, गाडी वाकडीतिकडी होत कडेच्या मुरमावर गेली आणि आम्ही दोघं आडवे झालो. हिचं कोपर सोलवटलं. मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर हळू येत होता म्हणून बरं. उठून तिनं पहिलं वाक्य टाकलं, "चारशे रुपयांत चढत होती ना ही?"

टेम्पोत घालून गाडी उद्यमनगरात नेली. तिथले मिस्त्री वडिलांच्या ओळखीचे, आयुष्य बोअरिंग मशीनवर गेलेलं. ब्लॉक काढला, आत बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कितीला घेतला?" मी आकडा सांगितला. त्यांनी व्हर्निअर लावला. ५८.८.

म्हणजे ६३ नव्हेच. कुठल्या तरी भंगारातल्या एलएमएलचा ब्लॉक, एक मिलिमीटर मोठी साईज टाकलेला. कागदावर मांडलं तर जेमतेम १५५ सीसी. खरं किट आणि हे यांच्यात ४.२ मिलिमीटरचा फरक. तो शाळेच्या पट्टीनंही दिसला असता.

पण पिस्टन धरलं ते साईजमुळे नव्हे. एक्झॉस्ट पोर्ट हातग्राइंडरनं वेडावाकडा रुंद केलेला होता. पोर्ट रुंद करायला हरकत नसते, पण त्याला मर्यादा आहे. बोअरच्या साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं की पिस्टनभोवतीची रिंग पोर्टमध्ये फुगून बाहेर येऊ लागते. आणि कितीही रुंद केला तरी त्याच्या कडा घासून गोल कराव्याच लागतात, म्हणजे रिंग अलगद आत परतते. इथं कडा ब्लेडसारख्या होत्या. रिंग अडकली, तुटली, तिचा तुकडा पिस्टन आणि ब्लॉकच्या मध्ये गेला. मिस्त्रींनी तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "आणि तुमचा ब्लॉक कुठाय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मिस्त्री हातातलं फडकं खाली ठेवून गप्पच बसले.

मग त्यांनीच समजावलं. एलएमएलचा कानपूरचा कारखाना बंद पडून वर्षं झाली. व्हेस्पा आता आपल्या बारामतीत बनते, पण ती फोर-स्ट्रोक, गिअर नसलेली, तिचा एक बोल्ट या गाडीला चालत नाही. बाजारात डुप्लिकेट ब्लॉक मिळतात, पण कंपनीचा, एकदाही बोअर न झालेला, पुढच्या सगळ्या साईज शिल्लक असलेला ब्लॉक शोधणारे लोक दूरवर आहेत, परदेशातही. मी चार हजार सूट घेऊन तो कुरिअरच्या पैशांसकट पोचता केला होता. किट हे गिऱ्हाइकाला पटवायचं निमित्त. धंदा जुन्या ब्लॉकांचा.

फोन लावला. पहिल्यांदा अपेक्षित उत्तर: "रनिंग-इन नीट केलं नाहीत, सुरुवातीला हळू चालवली नाहीत, तेल कमी घातलंत." हे प्रत्येकाला ऐकवलं जात असणार, कारण त्याचा पुरावा इंजिनाबरोबर जळून जातो. मी ५८.८ म्हटल्यावर आवाज बदलला. मी म्हटलं, पैसे ठेव, माझा ब्लॉक परत दे. "तो एक्सचेंजमध्ये गेला साहेब, तुम्हीच कन्फर्म केलंय." पोलिसांत जातो म्हटलं, तर हसला. "जावा की. आधी आरसीवर १७७ सीसी चढवून घ्या, मग जावा." त्यानंतर नंबर ब्लॉक.

ही खरी मेख. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याचं गिऱ्हाईक मुळातच तोंड दाबून बसणारं असतं. मीही पाच आठवडे बसलो.

मग वकील असलेल्या मावसभावाला सांगितलं. तो आधी पोटभर हसला. म्हणाला, "अरे, तुझ्या गाडीत १७७ सीसी कधी आलेच नाहीत. साईज टाकलेला ब्लॉक म्हणजे दुरुस्ती. त्यानं फसवलं म्हणून तू गुन्ह्यातून वाचलास. सायलेन्सर तेवढा बदलून घे." मग गंभीर होऊन सांगितलं, की तुझा बदल आणि त्याची फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, जुनं ४२०, आणि त्याची तक्रार करायचा हक्क तुझ्या सायलेन्सरमुळे जात नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण १९३० चा उपयोग पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत असतो. मी पाच आठवडे लाजण्यात घालवले होते. खात्यात काही उरलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात रात्री जेवणं झाल्यावर ही मोबाइल घेऊन आली. एक जाहिरात. 'एलएमएल एनव्ही, ओरिजिनल ब्लॉक, स्टँडर्ड बोअर, पहिलं पिस्टन, रेअर.' किंमत बावीस हजार. नंबर वेगळा होता. फोटो मोठा केला तर वरून तिसऱ्या फिनचा कोपरा नव्हता.

हिनं तिच्या नंबरवरून मेसेज टाकला, ब्लॉक हवाय, काही कमी होईल का. दोन मिनिटांत उत्तर आलं: "होईल की मॅडम. तुमचा जुना ब्लॉक पाठवा, एक्सचेंजमध्ये स्वस्त पडेल. बोअर कधी झालाय का?"

त्याचे प्रिंट, २००३च्या त्या पडलेल्या ब्लॉकचा अल्बममधला फोटो (वडिलांनी दुःखानं काढून ठेवलेला) आणि मिस्त्रींचं मोजमापाचं पत्र, असं सगळं घेऊन सोमवारी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी शांतपणे सगळं वाचलं. मग विचारलं, "साहेब, ब्लॉक म्हणजे नेमकं काय?" मी अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवला. फिना एकाखाली एक ओढल्या, आणि तिसरीचा कोपरा मोकळा सोडला.