जुना कॉकिंग मॅलेट आणि तीन आयर्न: माल अस्सल, पण एवढी चमक नको होती

जहाजबांधणीची जुनी हत्यारं जमवणाऱ्यांसाठी लिहितेय. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून कॉकिंगचा सेट घेतला, एक मॅलेट, म्हणजे लाकडी हातोडा, आणि तीन आयर्न, म्हणजे छिन्नीसारखी लोखंडी हत्यारं. लाकडी जहाजाच्या फळ्यांमधल्या फटीत जुन्या दोराचे डांबर लावलेले धागे, म्हणजे ओकम, ठोकून बसवायचं आणि वरून गरम डांबर ओतायचं, त्या कामाची ही हत्यारं.

मॅलेट हातात घेतला आणि जीव हरखला. डोकं लांबलचक आणि बारीक, दोन्ही टोकांना लोखंडी कडी, घाव घालून घालून लाकूड फुटू नये म्हणून. दांड्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यात आरपार चिरा कापल्यात, त्या नीट बघा, त्यांच्यामुळे घाव पडला की टणटणीत आवाज येतो. मी एकदाच हलकेच ठोकून बघितला, अजून वाजतो! एक तोंड दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलंय, मी किती वेळ नुसतं त्यावरून बोट फिरवत बसले होते.

एका आयर्नवर सी. ड्र्यूचा शिक्का आहे, मॅसॅच्युसेट्समधल्या किंग्स्टनची कंपनी, या कामाच्या हत्यारांत नावाजलेली. धार बोथट बघून झिजलंय असं समजू नका, धारदार असतं तर ओकमच कापलं गेलं असतं. दुसऱ्याच्या तोंडावर लांबीने खाच आहे, साध्या आयर्नने ओकम आत सारायचं आणि खाचवाल्याने घट्ट दाबायचं.

तिसऱ्याचं मात्र वाईट वाटलं. विक्रेत्याने मशीनवर घासून आरशासारखं करून टाकलंय. कारागीर स्वतःच्या हत्यारांवर नाव ठोकून ठेवायचे, इथेही होतं, पण आता एक आर आणि अर्धा ई एवढंच उरलंय, तो माणूस कोण होता ते कायमचं गेलं. फोटोत हे कळत नव्हतं, विचारलं तर म्हणे गिऱ्हाइकांना चमक आवडते. अहो, मेरी रोज हे इंग्लंडचं लढाऊ जहाज १५४५ ला बुडालं, १९८२ ला वर काढलं, त्यातली सुताराची हत्यारं लोक जपून जशीच्या तशी ठेवतात, आणि इथे आपण हत्यारावर वर्षानुवर्षं चढलेला काळा थर खरवडून काढायचा?

पॅकिंग उत्तम होतं, मॅलेटची एक कडी मात्र सैल निघाली. लाकूड सुकलं की होतं असं, मी गोंद लावला नाहीये, फक्त उन्हापासून आणि हिटरपासून लांब ठेवलाय.

मॅलेटसाठी पाच स्टार, सेटला एकूण साडेतीन. ऑर्डर देण्याआधी शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो मागा आणि साफ करू नका असं स्पष्ट लिहून द्या, मी पुढच्या ऑर्डरला तसंच लिहिलंय आणि त्यांनी मान्यही केलंय.