फलाफल घरी करायचं: भिजवलेले छोले, उकडलेले छोले की पाकीट?

फलाफल म्हणजे अरब देशांतले छोल्याचे तळलेले गोळे. पहिल्या वेळी मी छोले कुकरला लावले, चार शिट्ट्या घेतल्या, कुस्करले आणि गोळे वळले. पहिला गोळा तेलात सोडला तो विरला. दुसराही. कढईत नुसता चुरा. सासूबाईंनी डोकावून एवढंच विचारलं, "वडा-भाताच्या वड्यांना डाळ कधी शिजवून घेतो का आपण?"

नाही घेत. डाळी कच्च्याच भरडायच्या, भरडा भिजवायचा, शिजायचं काम तेलावर सोडायचं. फलाफलही तसंच. कच्च्या छोल्यातला स्टार्च तळताना फुगतो आणि गोळा धरून ठेवतो. उकडलेल्या दाण्यात तो आधीच फुगून बसलेला असतो, वर पाणीही भरपूर. मग बांधायला बेसन किंवा मैदा घालावा लागतो आणि हातात येतं ते छोल्याचं भजं. डबाबंद छोल्यांचंही हेच. ते हमससाठी (छोल्याच्या अरबी चटणीसाठी) ठेवा, तिथे ते छान लागतात.

म्हणजे खरी निवड उरते भिजवलेले छोले आणि तयार मिश्रणाचं पाकीट यांत.

भिजवलेल्यांना वेळ लागतो, मेहनत नाही. पाव किलो काबुली चणे भरपूर पाण्यात १२ तास ठेवले की वजनाला जवळपास दुप्पट होतात, लहान लिंबाएवढे वीस-पंचवीस गोळे होतात. मे महिन्यात मात्र भांडं फ्रिजमध्येच ठेवा. पारा ४५ च्या आसपास असताना ओट्यावरच्या छोल्यांना सकाळपर्यंत फेस येतो. उपसले की पंचावर पसरून कोरडे करा. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, पाण्याचा थेंब घालू नका. वाटण रवाळ राहिलं पाहिजे, चटणी नको. कांदा, लसूण, हिरवी मिरची, धने, जिरे आणि मूठ-दोन मूठ सांबार. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं नव्हे.) लेबनॉन-सीरियाकडे पार्सलीही (कोथिंबिरीसारखी पानं) घालतात; ती शोधत बाजारभर फिरू नका, सांबारासोबत थोडा पुदिना पुरतो. वाटण तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि पाव चमचा सोडा तळायच्या तोंडावर घाला.

पाकिटाला मी नावं ठेवत होते, आता तेवढी ठेवत नाही. बहुतेक पाकिटांत हरभऱ्याचा भरडा, वाळलेली पानं आणि मसालेच तर असतात. आपल्याला नवीन काय त्यात? चूक होते ती घाईची: पाणी घातलं की लगेच तळायचं. भरड्यासारखंच अर्धा तास मुरू द्या, ताजा सांबार चिरून घाला, मीठ-सोडा आधीच असतो तो पुन्हा घालू नका. तरी आतला ओलसर, हिरवा गाभा मिळत नाही तो नाहीच. खोली करून राहणाऱ्या, मिक्सर नसलेल्या पोरांनी पाकीटच घ्यावं. घरी चार माणसं जेवायची असतील तर भिजवा.

काबुलीऐवजी साधा हरभरा चालेल का? चालतो, स्वस्तही पडतो, पण साल जाड असल्याने दाताखाली येते. काबुलीचाच हट्ट धरायचंही कारण नाही. इजिप्तमध्ये तर हा पदार्थ छोल्यांचा नाहीच, वाळवलेल्या बाकल्याचा (फावा बीन्सचा) करतात आणि त्याला तामिया म्हणतात. हिवाळ्यात मी सोल्यांचे, म्हणजे ताज्या हिरव्या दाण्यांचे करते. रंग सुंदर येतो, पण सोले ओले असतात, म्हणून चमचा-दोन चमचे बेसन लागतं. इथे त्याला माफी.

तळायचं की नाही, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. कढईत तेल मध्यम तापलेलं हवं, साधारण १७५ अंश. फार कडक असेल तर वरून काळपट आणि आत कच्चं राहतं. एअर फ्रायरमध्ये तेलाचा हात फिरवूनही ते कोरडे होतात, दह्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत. त्यापेक्षा आप्पेपात्र बरं: खळग्यात अर्धा चमचा तेल, झाकण, मंद आच, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत. कढईची सर नाही, पण रोजच्याला ठीक.

आणि जास्त वाटण उरलं तर सोडा घालण्याआधीच गोळे वळून ताटात सुटे गोठवा, मग डब्यात भरा. तळताना वितळू द्यायचे नाहीत, थेट मध्यम तेलात सोडायचे.