इंदूरमधला एचआयव्ही सपोर्ट ग्रुप: मनातली लाज कमी करायचा कोर्स, 5 पैकी 4

नाव-पत्ता मुद्दाम टाकत नाहीये, तिथे येणाऱ्या बऱ्याच जणांनी घरी सांगितलेलं नसतं. जायचं असेल तर आपल्या एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या) काउन्सेलरला विचारा नाहीतर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे.

गोळ्या सरकार 2004 पासून फुकट देतंच, त्या आपण घेतोही, पण आपणच आपल्याला वाळीत टाकतो त्याचं काय, तर त्यासाठी हा ग्रुप. माझंच सांगते, घरात कोणी चकार शब्द काढत नाही तरी कप वेगळा ठेवायचे, भाचीचा पापा घ्यायचे नाही, संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की डोकं दुखतंय. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, केव्हाचं खाली आलंय आणि तरी हे सगळं चालू!

सगळ्यात भारी म्हणजे ग्रुप घेणारी ताई स्वतः पॉझिटिव्ह आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, मी डबीवरचं लेबल नखाने खरवडायचे आणि पर्समध्ये गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबायचे, आणि अख्खी खोली हसायला लागली कारण प्रत्येकाकडे तसलीच डबी. कोणी डिग्रीवाल्या मॅडम बोलल्या असत्या तर मी मान डोलवून घरी आले असते.

माहितीचं सेशनही मस्त. गोळ्या न चुकता चालू आहेत आणि व्हायरस टेस्टमध्ये सापडत नाही इतका कमी राहिलाय, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात पार्टनर नावाचा अभ्यास झाला, शेकडो जोडपी, कंडोम नाही, तरी जोडीदाराकडून लागण झालेला एकही निघाला नाही. (अंगावर पाजण्याचं गणित वेगळं, ते डॉक्टरलाच विचारा.) हे ऐकून एक काकू कितीतरी वेळ गप्प बसून होत्या. मग होमवर्क असतो, जे टाळता त्यातलं एक करून या. मी भाचीला माझ्या ताटातला घास भरवला, बस.

आता तक्रारी. मंगळवारी दुपारी कोण येणार हो, रोजंदारीवाल्याचा खाडा होतो, म्हणून पुरुष जवळजवळ नाहीतच. एका पाहुण्या वक्त्याने तासभर चांगला विचार करा म्हणून पकवलं. सुरुवातीला आणि शेवटी एकच फॉर्म भरून घेतात, स्वतःची लाज वाटते का वगैरे, पण ताई समोर उभी असताना कोण ‘हो’ लिहिणार, सगळे गोड गोडच लिहितात. अरे, बिननावाचा फॉर्म घ्या आणि एक डबा ठेवा ना.

आणि मोठी गोष्ट राहिलीच. लाज काही नुसती आतून येत नाही. एका दवाखान्यात दात दाखवायला गेले, फाइल बघून मला सगळ्यांच्या शेवटी बसवलं आणि कारण मोठ्याने सांगितलं. असा भेदभाव करता येत नाही, 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. आपला आजार आपल्याला विचारल्याशिवाय कोणाला सांगायचा नाही, त्यावरून नोकरी घालवायची नाही, हेही त्यातच. ग्रुपमध्ये त्यावर फक्त एक पत्रक हातात दिलं. तक्रार लिहायची कशी, द्यायची कोणाला, हे बसवून शिकवायला पाहिजे होतं. एक स्टार त्याचाच कापलाय.

कोर्स संपल्यावर व्हॉट्सअॅप ग्रुप चालू राहतो, फोन कोणाच्या हातात पडला तर पंचाईत नको म्हणून नाव ठेवलंय पोहा क्लब. पुढची बॅच रंगपंचमीनंतर आहे, संध्याकाळची ठेवा असं मी लिहून दिलंय, तुम्हीही फोन केलात तर तेवढं सांगा.