कललेलं खोड : पाणी खालून जास्त चढतं की वरून?

कललेल्या पाइनचं खोड आडवं कापलं की गाभा मधोमध सापडत नाही, वरच्या बाजूला सरकलेला असतो. खालची वलयं रुंद, तांबूस-तपकिरी. हे दाब-काष्ठ, म्हणजे कललेल्या खोडाने खालच्या बाजूला घडवलेलं खास लाकूड. रुंदी बघून मला आधी वाटायचं, पाणी इथूनच जास्त चढत असणार. सपशेल चूक! इथल्या ट्रॅकीड (पाणी वाहून नेणाऱ्या) पेशी आखूड, गोलसर, जाड भिंतींच्या; भिंतींत लाकूड कडक करणारं लिग्निन भरपूर. मधे रिकाम्या फटी. खोडाला उभं ढकलायला हे उत्तम, पण आतली पोकळी अरुंद, त्यामुळे तेवढ्याच क्षेत्रफळातून पाणी कमी जातं.

वरची बाजू दिसायला मामुली. वलयं अरुंद, भिंती पातळ, पोकळ्या मोकळ्या. पाणी सहज चढतं. (रुंदपर्णी झाडांत असं खोड सावरणारं लाकूड बहुधा वरच्या बाजूला असतं, तो वेगळाच मामला.)