गोल्फ, धावणं की जुनाच खेळ? व्यसनातून सावरणाऱ्या खेळाडूने काय निवडावं

न्यू यॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा लॉरेन्स टेलर १९८६च्या सुरुवातीला कोकेन सोडायला उपचार घेऊ लागला आणि लवकरच ते अर्धवट टाकून निघाला. पुढचा उपचार त्याने स्वतःच ठरवला: गोल्फ. खेळून खेळून अंगातलं विष उतरवायचं, असा हिशोब. त्या मोसमात तो अख्ख्या एनएफएल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघाने सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला, आणि १९८७च्या आत्मचरित्रात त्याने सांगूनही टाकलं की गोल्फने मी सुटलो. १९८८ साली तो चाचणीत पुन्हा सापडला आणि त्याच्यावर तीस दिवसांची बंदी आली.

ही गोष्ट मी आमच्या क्लबातल्या एका माजी वेगवान गोलंदाजाला सांगितली. न्यू जर्सीतल्या आमच्या शनिवार-रविवारच्या क्रिकेटमध्ये त्याचा खांदा गेला, शस्त्रक्रिया झाली, आणि दुखणं थांबल्यावरही गोळ्या थांबल्या नाहीत. उपचार घेऊन आल्यावर त्याने विचारलं, "गोल्फ सुरू करू का? की नुसतं धावत जाऊ?" मी काउंटीच्या पब्लिक कोर्सवर बरीच वर्षं खेळतोय (हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, विचारू नका). तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातलं काहीही उपचाराच्या जागी चालत नाही. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. तिथे डॉक्टर लागतो, गोल्फची बॅग उचलणारा कॅडी नाही. जलतरणपटू मायकेल फेल्प्सचंच बघा. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकनंतर निवृत्त होऊन तो गोल्फमध्ये रमला, नावाजलेल्या प्रशिक्षकाकडे टीव्हीवर शिकलाही. सप्टेंबर २०१४मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, तोही दुसऱ्यांदा. मग ॲरिझोनातल्या केंद्रात तो ४५ दिवस राहिला. त्यानंतर रिओत पाच सुवर्णं आणि एक रौप्य. गोल्फ तो अजूनही खेळतो, पण त्याला सावरलं ते गोल्फने नव्हे.

आता तुलना. पहिला मुद्दा वेळेचा, आणि इथे गोल्फ सरळ जिंकतो. खेळाडूचा दिवस दुसऱ्याने आखलेला असतो: सराव, फिजिओ, जेवण, पुन्हा सराव. खेळ सुटला की दुपारी तीन ते रात्री आठ हा वेळ अंगावर येतो आणि तलफही नेमकी तेव्हाच उठते. धावणं पाऊण तासात संपतं. आंघोळ करून बाहेर येता तेव्हा सगळा दिवस तसाच पुढ्यात उभा. गोल्फच्या पूर्ण फेरीला, म्हणजे अठरा होलना, साडेचार-पाच तास जातात, येणंजाणं धरून सहा. शिवाय हातात काठी आणि डोक्यात पुढचा फटका असताना फोन बघायची आठवण होत नाही.

शरीराचा हिशोब वाटतो तितका एकतर्फी नाही. कार्ट (मैदानावरची छोटी गाडी) न घेता चाललं तर एका फेरीत आठ-दहा किलोमीटर होतात आणि गुडघ्यांना धक्के नाहीत. म्हणून जुन्या दुखापतीवाल्यांना गोल्फ सुचवला जातो. पण गोल्फरांची नेहमीची तक्रार कंबरेची. ज्याचं व्यसनच वेदनाशामक गोळ्यांतून आलं, त्याने जोरात स्विंग करून कंबर धरून घेतली तर तो पुन्हा त्याच औषधाच्या दुकानासमोर उभा. माझ्या मित्राला फिजिओने गोल्फचे पहिले दोन महिने फक्त पटिंग आणि चिपिंगची, म्हणजे होलजवळच्या हलक्या फटक्यांची, परवानगी दिली. धावायला खांदा लागत नाही, पण गुडघे-घोटे आधीच झिजलेल्यांनी तिथेही जपून.

आता खरी गोम. दोन महिन्यांनी मी त्याला रेंजवर, म्हणजे बादलीभर चेंडू घेऊन फटक्यांचा सराव करायच्या जागी, नेलं. शंभर मैलांच्या वेगाने चेंडू टाकल्यासारखा तो क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आवळून धरत होता. बारा चेंडू गवतावरून सरपटत गेले. तेरावा उडाला. टक् असा कोरडा आवाज, हाताला काहीच न जाणवता चेंडू वर गेला आणि बराच वेळ वरच राहिला. तो वळून हसला आणि म्हणाला, "अजून एक बादली घेऊ." मला आनंद झाला आणि जरा भीतीही वाटली. बारा वाया आणि एक लागला, मग पुन्हा तेच. जुगाराच्या मशीनचं तंत्र याहून वेगळं काय असतं? दारू किंवा गोळ्या सोडलेल्याला ही ओढ कामाला येऊ शकते. सट्टा सोडलेल्याला मी गोल्फ कधीच सुचवणार नाही.

आणि तसंही गोल्फमध्ये पैजा मुरलेल्या आहेत. "नॅसॉ" म्हणजे पहिले नऊ, दुसरे नऊ आणि पूर्ण अठरा अशा तीन पैजा. "स्किन्स" म्हणजे प्रत्येक होलला पैसे. न लावणाराच विचित्र दिसतो. व्यावसायिक गोल्फर जॉन डॅलीने १९९१ची पीजीए चॅम्पियनशिप आणि १९९५ची ब्रिटिश ओपन जिंकली, आणि दारू व जुगार दोन्ही त्याच्या सोबत चालत राहिले. रोज उत्तम गोल्फ खेळत असूनही. ज्याचं गोल्फ हेच काम आहे त्याला ती मोकळी हवा राहत नाही. दुसरा व्यावसायिक गोल्फर ख्रिस कर्क २०१९च्या मे महिन्यात दारू आणि नैराश्यासाठी खेळातून बाजूला झाला, काही महिन्यांनी परतला आणि २०२३ची होंडा क्लासिक स्पर्धा जिंकला. त्यालाही आधी खेळ थांबवावा लागला, हे लक्षात घ्या.

सोबत कोणाची, यात धावणं पुढे. अमेरिकेत द फीनिक्स नावाची संस्था २००६ साली कोलोराडोत सुरू झाली. धावणं, चढाई, व्यायाम, सगळं फुकट. अट एकच: गेले ४८ तास नशा केलेली नसावी. तिथे आलेल्याला आपण का आलो हे कोणाला समजवावं लागत नाही. पब्लिक गोल्फ कोर्सवर एकट्याने गेलात तर तीन अनोळखी माणसांत घालतात. सातव्या होलपाशी थंड पेयांची गाडी येते, एक जण चौघांसाठी बिअर मागवतो, आणि तुम्हाला "नको, पाणी" म्हणावं लागतं. मग "का रे?" येतं. शेवटी क्लबहाउसमधल्या बारला तर "एकोणिसावा होल" असंच नाव आहे.

जुन्या खेळाकडे परतण्याबद्दल फार लिहीत नाही. शरीर साथ देत असेल आणि संघातलं वातावरण बदललं असेल तरच. बहुतेकांच्या बाबतीत व्यसनाचे सोबती त्याच ड्रेसिंग रूममध्ये बसलेले असतात.

खर्चाचं म्हणाल तर धावायला बूट पुरतात. गोल्फला अमेरिकेत जुने क्लब आणि नऊ होलची फी यात भागतं. महाराष्ट्रात बहुतेक मैदानं सभासदांची. खारघरचं सिडकोचं मैदान हा सगळ्यांना खुला असलेला एक अपवाद. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आणि गोल्फचं मैदान दोन्ही येरवड्यात, पण एकातून दुसऱ्यात जायला सभासदत्वाची भिंत मध्ये आहे.

माझं मत असं. पहिले तीन महिने गोल्फ नको. व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंग, समुपदेशन आणि गटासोबत चालणं-धावणं. त्यानंतर दारू सोडलेल्याने खुशाल यावं, पण सकाळची पहिली वेळ घेऊन, नऊच होल, आणि बरोबर सगळं माहीत असलेला एक माणूस. गोळ्यांवाल्याने आधी कंबर तपासून घ्यावी. सट्टेबाजाने धावावं. आणि रागीट माणसाने तर नक्की धावावं. चेंडू पाण्यात गेल्यावर पुढचे दोनशे यार्ड स्वतःशीच बोलत चालावं लागतं आणि राग कुठे काढायची सोय नसते.

माझा मित्र आता आठवड्यातून तीनदा धावतो आणि मंगळवारी उजाडता उजाडता माझ्याबरोबर नऊ होल खेळतो. बॅग स्वतःच उचलतो, न दुखणाऱ्या खांद्यावर. नवव्या ग्रीनवरून पार्किंगला जाणारा रस्ता क्लबहाउसच्या दारावरूनच जातो. मागून, गवत कापायच्या यंत्रांच्या शेडजवळून, एक पायवाट आहे. मला इतक्या वर्षांत ती ठाऊक नव्हती. त्याने पहिल्याच मंगळवारी शोधून ठेवली होती.