जुन्या गाडीत सहा इंची स्पीकर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

वॉट, मॅग्नेट, ट्वीटर सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते सांगत बसत नाही. पंधरा वर्षांवरच्या हॅचबॅकच्या पुढच्या दारांत चार ओहमचे कोअ‍ॅक्सिअल (मोठा स्पीकर आणि ट्वीटर एकाच चौकटीत) स्पीकर बसवले. उन्हाळाभर आवाज झकास. पावसाळ्यात डावा खरखरायला लागला. दार उघडलं की आवाज बंद, आपटलं की चालू. दुकानदाराचं ठरलेलं उत्तर: "स्पीकर गेलाय, जोडीच बदला."

जोडी बदलू नका. आधी मल्टिमीटर लावा. टेप, म्हणजे गाडीचा स्टिरिओ, बंद करून स्पीकरच्या वायरी सोडवा आणि ओहम मोजा. चार ओहमचा स्पीकर साधारण 3.2 ते 3.8 दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) तुटली. 1.5 व्होल्टचा सेल टेकवला की टप् आवाज येतो, आणि अधिकला अधिक लावलं असेल तर कोन (स्पीकरचा हलणारा पुढचा भाग) बाहेर सरकतो. मग कोन दोन्ही बाजूंनी सारखा, अलगद दाबा. आत घासल्यासारखं लागलं तर कॉइल खराब. हे सगळं ठीक असेल तर स्पीकरचा दोष नाही. खरखर ऐकून या स्पीकरला रेटिंगचे दोन स्टार दिले असते, मोजल्यावर चार देतोय.

खरा दोष दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत होता. दार उघडताना वायर रोज तिथेच दुमडते. वरचं प्लास्टिक धड, आतलं तांबं तुटलेलं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. मीटर कंटिन्युटीवर (तार अखंड असेल तर बीप वाजते) ठेवा, एक टोक टेपमागच्या कप्लरला (वायरींचा प्लग), दुसरं जादा वायर जोडून दारातल्या टोकाला, आणि नळी हाताने वाकवत राहा. बीप तुटली की जागा सापडली.

इथे बहुतेक फिटर वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळतात, फार तर डाख (सोल्डर) देतात. नळीत दोन्ही चूक. डाखाने वायर ताठ होते आणि डाखाच्या कडेलाच पुन्हा मोडते. नळीतून 1 चौरस मिमीची नवी तांब्याची वायर अखंड ओढा, वळणात थोडी ढिली सोडा. जोड डॅशखाली किंवा दारात आत घ्या, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. स्वस्त वायरीत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. तार सुरीने खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. ओलीत ती लवकर काळी पडते.

गाडीचा मूळ कप्लर कापू देऊ नका, अडॅप्टर मिळतो. कापलेला जोड पत्र्याला टेकला तर प्रकरण महागात जातं. आजच्या टेपमध्ये स्पीकरची वजा तार बॉडीची नसते. दोन्ही तारांवर सहा-सात व्होल्ट असतात. बॉडीला लागली की टेप प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो), कधी आउटपुटची आयसीच (आवाज वाढवणारी चिप) उडते. नव्या टेपच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) पांढरी डावी पुढची, करडी उजवी पुढची, हिरवी डावी मागची, जांभळी उजवी मागची, काळी रेघ म्हणजे वजा. एका बाजूचं अधिक-वजा उलटलं तर बास गायब होतो, आणि लोक स्पीकरच्या नावाने खडे फोडतात.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी बहुतेक वेळा अर्थिंगची. टेपची अर्थची काळी तार रंग खरवडून थेट पत्र्याच्या बोल्टला कसा.

आता पाणी. गगनबावडा, राधानगरीकडे पावसात फिरणाऱ्या गाड्यांत दाराच्या तळाची भोकं लाल चिखलाने बुजतात. पाणी काचेच्या रबरातून दारात उतरणारच, ते बाहेर पडलं पाहिजे. भोकं तारेने मोकळी करा. स्पीकर बसवताना फाडलेला प्लास्टिकचा पडदा ब्युटाइल टेपने (चिकट रबरी पट्टी) पुन्हा चिकटवून घ्या, आणि हे काम होईपर्यंत फिटरला पैसे देऊ नका. माझ्या स्पीकरच्या टर्मिनलवर हिरवा थर चढला तो याच फाटक्या पडद्यामुळे.

मागच्या जुन्या स्पीकरांना हात लावलेला नाही. मीटरवर 3.6 दाखवतात, घासत नाहीत, मग पैसे कशाला घालवायचे.